गळालेले दशांश चिन्ह

२०१८ च्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) गारखेडा भागातील एका भाजीविक्रेत्याच्या हाती घरगुती विजेचे बिल पडले. रक्कम होती ८ लाख ६४ हजार ७८१ रुपये आणि वापर दाखवला होता ५५ हजार ५१९ युनिट. मे महिन्यात त्या गृहस्थांनी जीवन संपवले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत या बिलाचा उल्लेख होता. महावितरणने चौकशी केली तेव्हा चूक लगेच सापडली. मीटरवरचा आकडा ६११७.८ होता, संगणकात तो ६११७८ असा भरला गेला होता. एक दशांश चिन्ह गळाले आणि वापर कित्येक पटींनी फुगला. लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याला निलंबित करण्यात आले.

या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की तो आकडा खोटा आहे हे ओळखायला वीजतज्ज्ञ लागत नव्हता. ५५ हजार ५१९ युनिट एका महिन्यात जाळायचे तर महिन्याचे ७२० तास, रात्रंदिवस, ७७ किलोवॅटचा भार चालू हवा. दीड टनाचे साधारण पन्नास एसी एक क्षणही न थांबता चालले तर एवढी वीज लागेल. घरगुती सिंगल फेज मीटरच्या तोंडावर ५-३० किंवा १०-६० अँपिअर असे छापलेले असते. त्यातला मोठा आकडा म्हणजे त्या मीटरमधून जाऊ शकणारा कमाल प्रवाह. ३० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ६.९ किलोवॅट. तेवढा भार महिनाभर अखंड चालवला तरी युनिट पाच हजारांच्या आतच राहतात. ६० अँपिअरच्या मीटरची मर्यादा दहा हजारांच्या आत. म्हणजे सिंगल फेज मीटरवर महिन्याला ५५ हजार युनिट होणे तारांनाच शक्य नाही. हा हिशेब बिल छापणाऱ्या संगणकाला एका ओळीत शिकवता येतो. मंजूर भाराच्या कित्येक पट वापर दिसला की बिल अडवून माणसाच्या नजरेखाली घालायचे, एवढेच करायचे होते. तसे झाले असते तर ते बिल कार्यालयाबाहेर पडलेच नसते. निलंबन एका कर्मचाऱ्याचे झाले. चूक मात्र त्या एका हाताची नव्हती, ती पुढे जाऊ देणाऱ्या साऱ्या व्यवस्थेची होती.

आणि ही चूक तेवढ्यावर थांबली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नालासोपाऱ्यात भाताची गिरणी चालवणाऱ्या ८० वर्षांच्या गृहस्थांना ८० कोटी रुपयांचे बिल आले. रक्तदाब वाढून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सहा आकडी बिलाच्या जागी नऊ आकडी बिल तयार झाल्याचे नंतर सांगण्यात आले आणि बिल दुरुस्त झाले.

लाखांचे आणि कोटींचे बिल निदान सगळ्यांना चुकीचे दिसते. खरी अडचण असते ती नऊशे रुपयांच्या जागी सहा हजार आलेल्या घराची. हे बिल चुकीचे आहे की आपलाच वापर वाढला, हे त्या घराला कळत नाही. शेजारी म्हणतात मीटर पळतंय, वायरमन म्हणतो आधी भरा मग बघू. आपल्या संभाजीनगरात छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते, पुढे मिटमिटा. या पट्ट्यात जुनी बैठी घरे आहेत, प्लॉटिंगवर उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्या आहेत, एका मीटरवर दोन बिऱ्हाडे ठेवणारे घरमालकही आहेत. उन्हाळ्यात घरोघर कूलर, पाण्याच्या टंचाईत बोअरची मोटर. इथे बिल फुगायची कारणे एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून तक्रारीच्या अर्जाआधी शोध घ्यायचा तो बिलाचा आणि मीटरचा.

बिल हातात घेतले की रक्कम आधी बघू नका. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग हे दोन आकडे बघा, मग मीटर क्रमांक. बिलावर छापलेला मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरवरचा क्रमांक एकच आहे का, हे पुष्कळ जण कधीच ताडून पाहत नाहीत. मीटर बदलून नवा बसवला असेल आणि जुन्या मीटरचा शेवटचा आकडा व नव्याचा पहिला आकडा नोंदवताना घोळ झाला असेल, तर तो इथेच दिसतो. त्यानंतर, बिलावर मीटरचा फोटो असेल तर तो बघा. फोटोत दिसणारा आकडा आणि छापलेला आकडा जुळला पाहिजे. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलत असतात. तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी हे सारे त्यात येऊन जाते. आपल्याला हवा तो किलोवॅट-तासाचा आकडा, आणि त्यातही दशांश चिन्हाच्या डावीकडचा.

मग मीटरच्या स्थितीचा शेरा वाचा. 'सामान्य' असेल तर रीडिंग घेतले गेले आहे. 'लॉक' म्हणजे घर बंद होते, 'फॉल्टी' म्हणजे मीटर नादुरुस्त, 'आरएनए' म्हणजे रीडिंग मिळाले नाही. शेवटच्या तिन्ही वेळी बिल अंदाजाने, सरासरीवर काढलेले असते. एक-दोन महिने सरासरी बिल कमी येते, माणूस निश्चिंत राहतो, आणि मग एकदा खरे रीडिंग घेतले की साचलेले सारे युनिट एकदम अंगावर येतात.

इथे टप्प्यांचे गणित समजून घ्यायला हवे, कारण पैसे इथेच जातात. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२४-२५ साठी महावितरणला ठरवून दिलेले वीज आकाराचे दर पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे असे होते. आता समजा एका घराचा महिन्याचा वापर ९५ युनिट आहे आणि चार महिन्यांचे मिळून ३८० युनिट एकदम नोंदवले गेले. ते चार महिन्यांत विभागले तर सगळे युनिट पहिल्याच टप्प्यात बसतात आणि वीज आकार होतो १,७९० रुपये. तेच ३८० युनिट एका महिन्याचे धरले तर पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या दोनशेचे २,०५८ आणि उरलेल्या ऐंशीचे १,१६४, असे एकूण ३,६९३ रुपये. वीज तेवढीच, घर तेच, आणि फरक १,९०० रुपयांचा. त्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते, म्हणजे या चुकीवर करही भरावा लागतो. दर पुढे बदलतात, पण गणिताची पद्धत हीच राहते. म्हणून साचलेले बिल आले की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: टप्प्यांचा लाभ किती महिन्यांत विभागून दिला आहे?

हा प्रश्न एकाच वेळी साऱ्या महाराष्ट्राने विचारला तो जून २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे मार्च अखेरीस मीटर रीडिंग थांबले. आधीच्या हिवाळी महिन्यांच्या सरासरीवर एप्रिल-मेची बिले निघाली. त्याच काळात माणसे दिवसभर घरात होती, पंखे-कूलर थांबत नव्हते आणि १ एप्रिलपासून दरही बदलले होते. जूनमध्ये खरे रीडिंग घेतले गेले आणि साऱ्याचा फरक एका कागदावर छापून आला. काम बंद, पगार अर्धे आणि हातात तिप्पट-चौपट बिल. टप्प्यांचा लाभ महिन्यांत विभागून दिला असल्याचे महावितरणने सांगितले, बिल पडताळून पाहण्याची सोय करून दिली आणि हप्ते दिले. हिशेब बऱ्याच ठिकाणी बरोबरही निघाला. तरीही लोकांचा राग रास्त होता, असे मला वाटते. उन्हाळ्याचे बिल हिवाळ्याच्या सरासरीवर काढले तर पुढे डोंगर साचणार हे मराठवाड्यातल्या कोणालाही आधी सांगता आले असते. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सवलतीचे आश्वासन दिले होते. नोव्हेंबरमध्ये ती देता येणार नसल्याचे सांगण्यात आले.

बिलाचा कागद बरोबर निघाला तर मीटरपाशी जा. घरातली मेन स्विच पूर्ण बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठेतरी वीज जाते आहे. तार खराब असेल किंवा दुसऱ्या कोणाचे कनेक्शन तिथून घेतलेले असेल. सोसायट्यांमध्ये आणखी एक प्रकार हमखास आढळतो. पार्किंगमधल्या पेटीत दहा-बारा मीटर ओळीने असतात आणि बसवताना दोन फ्लॅटच्या तारांची अदलाबदल होते. तुम्ही मेन बंद करता आणि दिवा थांबतो तो शेजारच्यांच्या मीटरवरचा. दोन्ही घरे एकमेकांचे बिल भरत असतात. एकात एसी आला की भांडे फुटते. ही तपासणी दोन्ही घरांनी मिळून, दोघांच्या समोर करावी आणि दोघांनी मिळून अर्ज द्यावा, म्हणजे नंतर शेजारधर्म बिघडत नाही.

मीटर खरेच पळते का, हेही घरी बऱ्यापैकी कळते. मीटरच्या तोंडावर ३२०० किंवा असाच एक आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातले बाकी सगळे बंद करून बादलीत हजार वॉटची हीटरची रॉड लावा, पाण्याला हात न लावता, आणि एक मिनिट मोजा. हजार वॉट एक मिनिट म्हणजे युनिटचा साठावा भाग, ३२०० च्या मीटरवर ५३ च्या आसपास. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर थोडा फरक पडेल. ५० की ५७ यावरून भांडू नका. पण ८० मोजले गेले तर मीटर तपासणीची मागणी करायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे. बहुतेक घरांत मात्र ५३ च येतील. अशा वेळी जुना फ्रिज, गळका पाण्याचा पाइप आणि त्यामुळे सतत चालणारी मोटर, गीझरचा बिघडलेला थर्मोस्टॅट यांच्याकडे वळायचे. स्वतःशी प्रामाणिक राहून केलेली ही तपासणी पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचासमोरही उपयोगी पडते, कारण आपण काय काय पाहिले हे तारखेनिशी सांगता येते.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये: मीटरच्या सीलला हात लावू नये, ओळखीच्या वायरमनकडून मीटर उघडून घेऊ नये. सील तुटलेले आढळले की प्रकरण बिलाच्या वादातून निघून विद्युत कायद्याच्या कलम १२६ किंवा १३५ मध्ये जाऊ शकते. पहिल्यात दुप्पट दराने आकारणी होते, दुसरे वीजचोरीचे फौजदारी कलम आहे. मग ग्राहक तक्रारीची नेहमीची वाटच बंद होते. बरोबर असलेल्या माणसाने एवढ्याशा उतावळेपणाने आपली बाजू घालवू नये.

मीटरची तपासणी लेखी अर्ज देऊन, शुल्क भरून मागता येते. तपासणी आपल्यासमोर व्हावी असे अर्जातच लिहावे आणि अहवालाची प्रत मागावी. मीटर सदोष निघाला तर आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार, वाद उपस्थित झाला त्या महिन्याच्या मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचे बिल तपासणीच्या निकालाप्रमाणे दुरुस्त होते. ही मर्यादा दोन्ही बाजूंनी चालते. मीटर मंद असल्याचे सांगून वर्षाची वसुली निघाली असेल तर हाच नियम पुढे करावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बिल चुकीचे आहे असे वाटत असताना ते भरायचे की नाही? न भरता स्वस्थ बसणे धोक्याचे, कारण लाइन कापली जाऊ शकते. पूर्ण भरणे तर कित्येकांना शक्यच नसते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये याचे उत्तर आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. गारखेड्याच्या त्या घराला या तरतुदीने काही शे रुपयांत किंवा फार तर एक-दोन हजारांत दिवा चालू ठेवण्याचा हक्क दिलेला होता. हे वाक्य प्रत्येक बिलाच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापले पाहिजे आणि वीज तोडण्याच्या प्रत्येक नोटिशीवरही. नोटिशीत तोडण्याची भीती असते, पण ती टाळण्याचा ग्राहकाचा हक्क त्याच कागदावर दिसत नाही, हा अन्याय आहे.

अर्ज साधा असावा. वर ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, मीटर क्रमांक. खाली: अमुक महिन्याच्या बिलात इतके युनिट दाखवले आहेत, मागील सहा महिन्यांची सरासरी इतकी आहे, आज मीटरवर अमुक आकडा आहे, फोटो जोडला आहे, कलम ५६ प्रमाणे सरासरी रक्कम हरकत नोंदवून भरण्यास तयार आहे, बिल दुरुस्त करून द्यावे व वीज तोडू नये. दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक अर्जात घाला.

कार्यालयाने ऐकले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मंचावर ग्राहकांच्या बाजूचा एक सदस्य असतो. तिथला निकाल पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्यात त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. मंचासमोर भावनेपेक्षा कागद बोलतात, म्हणून जुनी बिले फेकू नका. आपल्या शहरात तर याची जास्तच गरज आहे, कारण मे २०११ ते नोव्हेंबर २०१४ या काळात शहराचे वीज वितरण जीटीएल या खासगी फ्रँचायझीकडे होते आणि नंतर पुन्हा महावितरणकडे आले. कारभार असा हातोहात फिरला की जुन्या थकबाकीच्या वादात भरणा केल्याची पावती ग्राहकाकडेच असलेली बरी.

जुन्या वसुलीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दोन वर्षांपूर्वीची रक्कम मागताच येत नाही असे सर्रास सांगितले जाते. कलम ५६ मध्ये दोन वर्षांची मुदत आहे हे खरे, पण ती मोजायची कुठून? राजस्थानातल्या एका ग्राहकाला दराचा चुकीचा वर्ग लावला गेल्याने २००९ ते २०११ या काळात कमी बिले गेली होती आणि फरकाची मागणी २०१४ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ठरवले की रक्कम देय होते ती बिल काढल्यावर, त्यामुळे चूक उशिरा सापडली तरी फरक मागता येतो, पण अशा जुन्या फरकासाठी मुदतीनंतर वीज तोडता येणार नाही. ऑक्टोबर २०२१ च्या प्रेम कॉटेक्स प्रकरणातला निकाल वीज कंपन्यांच्या आणखी बाजूने गेला. चूक कंपनीची आणि भुर्दंड ग्राहकाला, ही स्थिती मला मान्य होण्यासारखी वाटत नाही. पण निकाल असे आहेत. म्हणून केवळ मुदतीच्या भरवशावर गप्प बसू नका, रकमेचा हिशेब मागा, हप्ते मागा.

स्मार्ट मीटर आले म्हणजे हे सारे संपेल असे समजू नका. त्यात रीडिंग माणूस भरत नाही, त्यामुळे दशांश चिन्ह गळण्याची शक्यता घटते आणि मोबाइलवर वापर वरचेवर पाहता येतो, हा मोठा फायदा आहे. पण तारांची अदलाबदल, टप्प्यांचा हिशेब आणि जुनी थकबाकी हे प्रश्न मीटर हुशार झाल्याने सुटत नाहीत. मीटर बदलायला माणूस आला की जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा आणि नव्याच्या पहिल्या आकड्याचा फोटो तुम्ही स्वतः काढा. घरात कोणी नसेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

तुमच्या ओळखीत, गल्लीत, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी असे बिल आले तर आधी त्यांच्याबरोबर मीटरपाशी जा, मग त्यांच्याबरोबर कार्यालयात जा. एकट्या माणसाला खिडकीवर जे उत्तर मिळते ते दोघांना मिळत नाही. महावितरणच्या छत्रपती संभाजीनगर परिमंडलासाठी तक्रार निवारण मंच आहे. तिथे अर्ज करायला वकील लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो द्यावा लागतो.